भट्टीतून आलेली पिशवी

१

"माझा फोन! अगं, माझा फोन कुठे गेला?"

सुईताईचा आवाज इतका चिरका लागू शकतो हे मला त्या सकाळीच कळलं. मी ठकीच्या पायात मोजा चढवत होते. मोजा अर्ध्यावर सोडून लेकीला काखोटीला मारलं आणि धावले. धावता धावता मनात आलं ते एवढंच, की माझा तर जागेवर आहे ना?

माझा जागेवर होता. आमच्या रात्रनिवाऱ्यात सगळ्या बायकांचे फोन रात्री काउंटरमागच्या फळीवर चार्जिंगला लावतात. प्रसूतिगृहात पाळणे लावतात तसे, एकाला लागून एक. त्या रांगेत एकच जागा रिकामी होती. तिथे नुसती वायर लोंबत होती.

"रात्री झोपायला जाताना इथेच होता," सुईताई सांगत होती. सगळ्यांचे फाटके कपडे ती शिवून द्यायची, म्हणून तिचं हे नाव. "लाल कव्हरचा. काकू, तुम्ही बघितलात ना?"

"बघितला की," दारावरच्या काकू म्हणाल्या. "ते लाल भडक कव्हर आंधळ्यालाही दिसेल."

बाहेरच्या जगात फोन गेला तर माणूस चरफडतो आणि नवा घेतो. इथे तसं नसतं. कायमच्या खोलीसाठी जी रांग आहे, तिच्यात सुईताईचं नाव सगळ्यात पुढे होतं आणि एक खोली रिकामी होत होती. वाटप कार्यालय काल किंवा आज फोन करणार होतं. फोन उचलला तर खोली तुमची. नाही उचलला, तर दुसऱ्या दिवशी पुढच्या नावाला फोन. सवलत फक्त दोन गोष्टींना, आजारपण आणि चोरी. तीही निवाऱ्याच्या मॅडमनी स्वतः कळवली तर.

आणि पुढचं नाव माझं होतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक मान माझ्याकडे वळली. 

मॅडम आल्या. दार लावून घेतलं आणि पिशव्या उघडायला सांगितल्या.

"माझी आधी बघा," राणीसाहेब पोटावर हात ठेवून म्हणाली. तिला सातवा महिना होता आणि ती अख्ख्या निवाऱ्याला हुकूम सोडायची, म्हणून ती राणीसाहेब. "मला चहा हवाय. चोर सापडेपर्यंत माझं बाळ उपाशी राहणार नाही."

कर नाही त्याला डर कशाला, म्हणून मीही पिशवी पुढे केली. ठकीचे फ्रॉक निघाले. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली माझी पदवी निघाली. मग मॅडमनी तळाशी हात घातला आणि ठकीचा मेणाचा गोळा बाहेर काढला.

गोळ्यात एक काळा फोन रुतला होता.

"हा माझाच," सुईताई हळूच म्हणाली.

२

आमच्या भट्टीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रस्त्यावर राहणाऱ्या माणसासोबत ढेकूण येतात. त्यात लाज वाटायचं काही नाही, पण ते गादीत शिरले की अख्खा निवारा बंद ठेवावा लागतो. म्हणून संध्याकाळी आत शिरलं की प्रत्येकीची पिशवी दाराशेजारच्या लोखंडी खोलीत जाते. तिथे रात्रभर गरम हवा सोडतात. आम्ही तिला भट्टी म्हणतो. फोन, औषधं, सुईताईचा शिवणाचा डबा असलं काही त्यात घालायचं नाही, ते ज्याचं त्याने काउंटरमागे ठेवायचं. मग अंघोळ करून निवाऱ्याचा बिनखिशाचा झगा घालायचा, नंतर जेवण. सकाळी काकू पिशव्या परत देतात.

हे सगळं मला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं नव्हतं. ठकीचे मेणाचे खडू पिशवीतच राहिले. सकाळी त्यांचा एक रंगीबेरंगी गोळा झालेला. मला रडू फुटलं, पण ठकीला तो गोळा खडूंपेक्षा जास्त आवडला. तेव्हापासून तो रोज रात्री भट्टीत जातो, मऊ होतो आणि सकाळी नव्या आकारात बाहेर येतो. "आज हत्ती झाला," ठकी सांगते. "आज चप्पल."

आज फोन झाला होता.

"मला दुसरं काय वाटावं, तूच सांग," मॅडम त्यांच्या खोलीत म्हणाल्या. टेबलावर तो गोळा, त्यात फोन. फोन चालू होत नव्हता. शेजारी माझा फोन, तो त्यांनी काढून घेतला होता. "तुझं नाव दुसरं. तिचा फोन तुझ्या पिशवीत."

"मी घेतला असता तर पिशवी स्वतःहून पुढे केली असती का?"

"शिकलेली माणसं करतात असं."

माझ्या पदवीचा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उपयोग झाला होता, तोही माझ्याविरुद्ध.

"दुपारी कार्यालय उघडलं की मी चोरी कळवणार," त्या म्हणाल्या. "कोणी केली हेही सांगावं लागेल. मग तुझं नाव रांगेतून जाईल आणि इथली खाटही. नियम मी केलेला नाही. मुलीसाठी मी दुसरीकडे शब्द टाकून बघेन."

मुलीसाठी. मुलीसह नव्हे. ज्या बाईला छप्पर नसतं, तिच्या मुलीला 'दुसरीकडे' ठेवण्याबद्दल लोक किती मायेने बोलतात हे मी पाहिलेलं आहे.

"दुपारपर्यंत मला सगळ्यांशी बोलू द्या," मी म्हणाले.

"बोल. पण दाराबाहेर जायचं नाही."

ठकीला बाहेर सुईताईने मांडीवर घेतलं होतं. तिचा फोन माझ्या पिशवीत सापडला होता, तरी! माझा कोणावर विश्वास बसत नाही. ठकीचं दूध मी स्वतः ओतते, तिचं औषध मीच मोजून देते. ठकी सुईताईला मावशी म्हणते, तेही मला खटकायचं. मावशी म्हणजे आईची बहीण, आणि मला बहीण नाही. तरी संशयितांच्या माळेत मी सुईताईला ओवलं नाही. जिचं गेलं ती कशाला चोरेल? शिवाय ठकी खोकत असते म्हणून तिला तासन्‌तास खांद्यावर टाकणारी तीच. काल संध्याकाळीसुद्धा फाटकाबाहेरच्या रांगेत ठकीला तिच्याकडे देऊन मी दवाखान्याच्या खिडकीवर खोकल्याचं औषध आणायला गेले होते. परत आले तर पोरगी तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली. मला बघताच तिने हातातला फोन कोटात सरकवला आणि ओठांवर बोट ठेवलं. आत शिरताना म्हणाली, "तू हिला घे. उठवू नकोस. पिशवी मी ठेवते भट्टीत."

नाही, ती नव्हे. मी राणीसाहेबला शोधायला निघाले. तिसरं नाव तिचं होतं. पहिलीचा फोन गेला आणि दुसरी चोर ठरली, तर पुढचं नाव कोणाचं?

३

पण वाटेत काकू भेटल्या. भट्टीचं लोखंडी दार ओल्या फडक्याने पुसत होत्या. किल्ली नेहमीसारखी गळ्यात.

"काकू, काल रात्री भट्टी मध्येच कोणी उघडली होती का?"

"माझ्यावर आलीस का आता?" त्यांनी फडकं बादलीत आपटलं. "जेवणाची घंटा व्हायच्या आधी मी दार लावते. मग उजाडेपर्यंत मॅडमची आई आली तरी उघडत नाही. मध्ये उघडलं तर गरमी जाते आणि ढेकूण टाळ्या वाजवत बाहेर येतात."

"आणि तुम्ही लाल कव्हर कधी बघितलंत?"

"जेवणं झाल्यावर, झाडताना. फळीवर पालथं होतं."

"फोन बघितलात की कव्हर?"

"काय गं हे? भात बघितलास की ताट, असं विचारतेस! कव्हर आहे म्हणजे आत फोन असणारच ना?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू घेतला नसशील असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतंय? आज सगळंच उलटं. रोज तुझी पिशवी सुईताई नेते. आज तूच उजाडताच येऊन घेऊन गेलीस."

"ठकी खोकत उठली होती. तिचा स्वेटर हवा होता."

"तेच. ती नंतर आली, म्हटलं नेली की तुझ्या मैत्रिणीने. तर तोंड एवढंसं झालं बाईचं. एवढा जीव कशाला लावावा माणसाने दुसऱ्याच्या पिशवीला?"

मी हसले आणि पुढे गेले. दोन पावलं जाऊन थांबले. काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण काय ते कळेना.

राणीसाहेब जेवणघरात पाय खुर्चीवर टाकून पाव चहात बुडवत होती.

"ये, ये. तिसऱ्या नंबरचा जबाब घ्यायला आलीस ना?"

"रात्री तू सारखी उठत होतीस."

"बाळ मूत्राशयावर नाचतंय. तुझी पोरगी पोटात काय ग्रंथ वाचत बसली होती?" पाव गिळून ती पुढे म्हणाली, "हे बघ, मला खोली हवीच आहे. बाळ आलं की मी ह्या हॉलमध्ये राहू शकत नाही. पण कोणाला गाडून नको. आणि चोरायचंच असतं तर तुझा चोरला असता. तुझा फोन माझ्यापेक्षा बरा आहे."

"फळीवर काय बघितलंस?"

"लाल कव्हर. एकदा काय, तीनचारदा. बाथरूमला जाताना तिथूनच जावं लागतं." ती थांबली. "एक मात्र आहे. सगळ्या फोनवर तो बारीक हिरवा ठिपका असतो ना, चार्ज होताना? अंधारात त्या ठिपक्यांचा मला आधार वाटतो. त्या लाल कव्हरपाशी ठिपका नव्हता. मला वाटलं, वायर नीट बसली नसेल."

"मग लावायची ना नीट!"

"दुसऱ्याच्या फोनला हात लावू? इथे? म्हणजे आज तुझ्या जागी मी असते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मॅडमच्या खोलीकडे वळले. मला तो गोळा परत बघायचा होता. तिथे पोचले तर मॅडम फोन फिरवत होत्या.

"लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण लागेल."

४

टेबलावर गोळा तसाच होता. मी तो हातात घेतला. कोणी हरकत घेतली नाही. चोराने एकदा हाताळलेल्या वस्तूला आणखी काय होणार?

फोन त्यात वरवर अडकलेला नव्हता, चांगला रुतलेला होता. चार्जिंगच्या भोकात निळं मेण शिरलं होतं. बटणाच्या फटीत पिवळं. काचेवरून हिरव्याचा एक ओघळ गेला होता, थिजलेला. मी अंगठा दाबून बघितला. गोळा दगडासारखा कडक. नखसुद्धा उमटेना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी सकाळी उठून फोन चोरला आणि पिशवीत लपवला असता, तर तो ह्या कडक गोळ्याशेजारी पडून राहिला असता. मेण भोकात शिरायला आधी पातळ व्हावं लागतं. ते पातळ होतं फक्त भट्टीत. आणि भट्टीचं दार जेवणाच्या आधी लागतं, ते उजाडल्यावरच उघडतं.

म्हणजे फोन रात्रभर माझ्या पिशवीत होता. जेवणाच्या आधीपासून. तर मग जेवणानंतर काकूंना आणि रात्री राणीसाहेबला फळीवर काय दिसलं? लाल कव्हर. पालथं. ठिपक्याशिवाय. आणि माझ्या पिशवीत सापडलेल्या फोनला कव्हर नव्हतं.

फळीवर रिकामं कव्हर होतं. ते तिथे कोण ठेवेल? ज्याच्या हातात ते कव्हर होतं तोच. आणि जेवणाच्या आधी माझी पिशवी कोणाच्या हातात होती?

मी गोळा टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

सुईताई मागच्या वाळवणीच्या खोलीत होती. ओल्या चादरींमध्ये एका बाकावर बसून ठकीच्या फ्रॉकला बटण लावत होती. ठकी तिच्या पायाशी रिकाम्या रिळांचा मनोरा रचत होती. मी ठकीला उचलून घेतलं. घट्ट.

"कव्हर कुठे आहे?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. सुई बटणातच राहिली.

"कसलं कव्हर?"

"ताई, मी ओरडत नाहीये, कारण हिला ओरडण्याची भीती वाटते. कव्हर कुठे आहे?"

तिने फ्रॉक बाजूला ठेवला. मग शिवणाचा डबा पुढे ओढला. सकाळी तिने तो काउंटरवरून परत घेतला होता. दोऱ्यांच्या खालून तिने लाल कव्हर काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"का?"

"फोन येऊन गेला," ती म्हणाली. "काल. आपण रांगेत होतो तेव्हा."

"आणि तू उचलला नाहीस?"

"आवाज बंद केला होता मी." तिने ठकीकडे बघितलं. "ही आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावू शकली नव्हती खोकल्याने. खांद्यावर जरा कुठे डोळा लागला. म्हटलं, वाजला तर दचकून उठेल. तू आल्यावर चालू करायचा, तर तेही विसरले. आत येऊन काउंटरमागे ठेवायला काढला, तेव्हा दिसलं. दोनदा वाजून गेला होता."

चादरींतून पाणी ठिबकत होतं.

"चोरी झाली म्हटलं की सवलत मिळते," ती पुढे म्हणाली. "चोरी किती वाजता झाली हे कोण विचारतंय? पण फोन उघडून कोणी बघितला असता तर कळलं असतं. एकदा आत आल्यावर बाहेर जाता येत नाही. झग्याला खिसा नाही. माझी पिशवी आधीच भट्टीत गेली होती, तुझी हातात होती. भट्टीत मरेल म्हटलं, आणि सकाळी मीच तुझी पिशवी आणते, तेव्हा काढून टाकेन. तुझ्यावर आणायचं नव्हतं गं. देवाशपथ नव्हतं."

"सकाळी मॅडमच्या हातात तो गोळा आला. तेव्हा?"

ती गप्प.

"तेव्हाही अशीच गप्प होतीस. 'हा माझाच' एवढं बोललीस. मला चोर म्हणत होते, ताई. माझ्या मुलीला 'दुसरीकडे' ठेवण्याचं बोलत होते. आणि तू तिला मांडीवर घेऊन बसलीस!"

"तोंड उघडलं असतं तर मी रस्त्यावर."

"नाही उघडलंस तर मी."

ठकीने तिच्याकडे हात पसरले. "मावशी, बटन."

मी ठकीला घेऊन बाहेर पडले. दारातून मागे वळून म्हणाले, "मी मॅडमकडे चालले आहे. तुझ्या आधी पोचले तर मी सांगेन. माझ्या आधी पोचलीस तर तू सांग."

मागून पावलं वाजली नाहीत.

५

"दाबून बघा," मी मॅडमना म्हणाले. "जोर लावून."

त्यांनी दाबून बघितलं. मग चष्मा लावून फोनच्या फटीतलं मेण बघितलं. मी एकेक पायरी सांगत गेले. भट्टीचं दार, जेवण, हिरवा ठिपका. कव्हरापाशी आले आणि थांबले. आता एक नाव घ्यायचं, की मी सुटले. माझी खाट राहिली, रांग राहिली, मुलगी राहिली. पण ज्या खांद्यावर माझी मुलगी झोपली होती, त्याच खांद्याची मालकीण त्या संध्याकाळी रस्त्यावर झोपणार होती.

"म्हणजे फळीवर फोन नव्हताच," मॅडम म्हणाल्या. "मग होतं काय?"

मी तोंड उघडलं. दार वाजलं.

सुईताईने आत येऊन लाल कव्हर टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. सगळं सांगितलं, फक्त आवाज बंद का केला होता ते गाळलं. ते मी सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू खोटी चोरी उभी केलीस. दुसरीवर आळ येऊ दिलास. मी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे?"

"काही नाही," सुईताई म्हणाली. "डबा घेऊन जाते फक्त."

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला.

तिघी त्याच्याकडे बघत राहिलो. काल पहिल्या नावाने फोन उचलला नव्हता, आज पुढच्या नावाची पाळी होती. बरोबर नियमाप्रमाणे. मला वाटलं होतं, हा आवाज ऐकून मी नाचेन. मी हातसुद्धा पुढे केला नाही.

"उचल," मॅडम म्हणाल्या. "उचल लवकर!"

पलीकडे एक कंटाळलेला पुरुषी आवाज होता. नाव तपासलं, खोली मंजूर झाल्याचं सांगितलं. "दोन खाटांची आहे, स्वयंपाकाचा ओटा आतच. सोबत कोण राहणार ते आत्ता सांगा बाई. नंतर कोणाला घुसवता येणार नाही. रोज भांडायला येतात लोक."

"माझी मुलगी," मी म्हणाले.

"वय?"

"तीन."

"आणखी?"

सुईताई दाराकडे निघाली होती. डबा छातीशी. तिच्या कोटाच्या डाव्या खांद्यावर एक पांढुरका डाग होता, ठकीच्या लाळेचा, कालचा. कोणी आपलं घर ज्या डागापायी घालवलं तो डाग असा समोर दिसतो तेव्हा काय करावं, हे कुठल्या पदवीत शिकवत नाहीत. ह्याच बाईने मला चोर ठरू दिलं होतं, हेही मी विसरले नव्हते. आजही विसरलेली नाही. आणि खोली मिळाली की मला कामाला जायचं होतं, आणि ठकीचा खोकला काही कामावर नेता येत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि माणूस पलीकडे कंटाळला होता.

"बाई? आणखी कोणी?"

"आहे," मी म्हणाले. "मुलीची मावशी."

सुईताई थबकली. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"सख्खी का?" त्या माणसाने विचारलं.

"मुलगी तरी तिला मावशीच म्हणते," मी म्हणाले. "घ्या लिहून."

संध्याकाळी आम्ही निघालो. दारात काकूंनी तिघींच्या हातात एकेक पाव कोंबला. राणीसाहेब म्हणाली, "जा, जा, आता पहिला नंबर माझा. मी फोन उशाशी घेऊन झोपणार." सुईताई पायरीवर घुटमळली, मग नेहमीच्या सवयीने हात पुढे केला.

"दे. पिशवी मी घेते."

मी ठकीला तिच्या कडेवर दिलं. पिशवी मात्र माझ्याच हातात ठेवली.